वाळक्या खुळखुळ्यावर नरांची गर्दी

पावसाळा सरत आला की पठारावरच्या फोटोंखाली हमखास एक ओळ दिसते : ‘मध प्यायला जमलेली फुलपाखरं’. झाड खुळखुळ्याचं असेल तर फोटो मोठा करून बघा. बरीचशी फुलपाखरं पिवळ्या फुलांवर नसतातच. सुकलेल्या पानांना, फुटक्या शेंगांना झोंबलेली असतात. तिथे मध कुठला?

कोल्हापूरकर ऊस लावण्याआधी जो ताग गाडतात, त्याचाच हा रानटी भाऊबंद. मुळांच्या गाठींत रायझोबियम जिवाणू नायट्रोजन बांधतात. फुलं भुंग्यांसाठी : भुंगा बसला की त्याच्या वजनाने खालच्या जोडपाकळ्या दबतात आणि टोकातून पराग त्याच्या पोटाला लागतो.

ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो या फुलपाखरांना हवं असतं ते झाडातलं विष, म्हणजे पायरोलिझिडीन अल्कलॉइडं. येणारे बहुतेक नरच. टायगर नराच्या मागच्या पंखावर फुगीर काळा ठिपका असतो, त्यावरून ओळखा. नर नखांनी पान खरवडतो, सोंडेतून द्रव सोडून अल्कलॉइड विरघळवतो आणि शोषतो. शरीरात त्यापासून डॅनाइडोन हे गंधद्रव्य बनतं. प्लेन टायगरमध्ये त्यासाठी पोटाच्या टोकाचे केसांचे झुपके पंखावरच्या त्या ठिपक्याच्या पिशवीत घासावे लागतात. घासले नाहीत तर डॅनाइडोन बनत नाही. मादीला हाच वास हवा असतो. अमेरिकेतल्या क्वीन या जातभाईत तर नर मीलनात मादीला अल्कलॉइडही देतो आणि ते अंड्यांत उतरतं. या फुलपाखरांच्या अळ्या मात्र मुख्यतः रुईकुळातल्या झाडांवर वाढतात, खुळखुळ्यावर नाही. खुळखुळ्याच्या शेंगा पोखरून बिया खाणारी अळी युटेथायसा या ठिपकेदार पतंगाची.

हे बघायचं तर बांधावरच्या दोनचार फांद्या (पठारावरच्या नकोत) चुरगाळून सावलीत दोन दिवस सुकवा. जुडी कमरेएवढ्या उंचीवर टांगा, सकाळी पाणी शिंपडा. पावसात ठेवलीत तर अल्कलॉइड धुऊन जातं आणि कुणी फिरकत नाही. शेळ्यामेंढ्यांपासून लांब ठेवा, हात धुवा.

‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो’ म्हणणाऱ्यांनी छत्तीसगडमधला सरगुजा जिल्हा आठवावा. 1970च्या दशकात तिथे धान्यात खुळखुळ्याच्याच गोतातल्या बिया मिसळल्या गेल्या आणि माणसं दगावली. यकृतातली विकरं या अल्कलॉइडांपासून पायरोल ही विषारी रसायनं बनवतात. ते डीएनएला चिकटतात, यकृतातल्या बारीक शिरांचं अस्तर मरतं, रक्त तुंबतं, पोटात पाणी साठतं. बी उकळल्याने हे विष पुरतं जात नाही.