पाठदुखी व मानदुखी, किरकोळ

पाठीचा कणा व त्याला धरून असलेले स्नायू, अस्थिबंध आणि लहान सांधे यांतून उद्भवणारी, गंभीर आजाराशी संबंध नसलेली आणि बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरणारी वेदना. मराठीत तिला शब्दांची वाण नाही. कमरेत उसण भरते, लचक भरते, पाठ धरते, मान अवघडते, वाकताना चमक निघते. या शब्दप्रयोगांत अनुभव नेमका उतरतो, पण कारण कळत नाही. वैद्यकालाही ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. कंबरदुखीच्या सुमारे ९०% रुग्णांत बोट ठेवून दाखवता येईल असे एकच मूळ सापडत नाही. अशा दुखण्याला ‘अविशिष्ट’ म्हणतात. रुग्णाला हा शब्द ऐकून उगाच टोलवल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात मोडलेले, सडलेले किंवा दबलेले काही आढळले नाही, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये जगातील ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि माणसाच्या हालचालींवर मर्यादा आणणाऱ्या व्याधींत तिचा क्रमांक पहिला आहे.

रचना : कण्यात साधारणपणे ३३ मणके असतात : मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५, उरलेले एकमेकांना जुळून त्रिकास्थी आणि माकडहाड बनते. सुट्या २४ मणक्यांमध्ये, आणि त्यांतला शेवटचा मणका व त्रिकास्थी यांच्यामध्ये, मिळून २३ चकत्या (डिस्क) असतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये चकती नसते, आणि मान डावी-उजवीकडे वळते ती जवळजवळ निम्मी याच सांध्यातून. चकतीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे, तर आतला गर पाणीदार असतो. दिवसभराच्या भाराने त्यातले पाणी थोडे पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर परत भरते. त्यामुळे सकाळी माणसाची उंची एखादा सेंटिमीटर जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकताना ताणही अधिक येतो. उठल्या उठल्या बूट घालायला वाकले आणि कंबर धरली, अशी तक्रार करणारे म्हणूनच पुष्कळ भेटतात.

डोक्याचे वजन साधारण ५ किलो. ते खांद्यांच्या रेषेत राहिले तर मानेच्या स्नायूंना फार कष्ट नसतात. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते. मोबाईल पाहताना मानेवर किती किलोंचा भार येतो याचे धडकी भरवणारे आकडे सर्वत्र फिरतात. ते गणिती प्रतिमानातून आलेले आहेत. दुखणाऱ्या माना मोजून कोणी काढलेले नाहीत. अमुकच पद्धतीने बसले की दुखत नाही, असे सिद्ध झालेले आसन नाही. बसण्याची पद्धत कशी आहे यापेक्षा एकाच पद्धतीत किती वेळ बसलो, हे जास्त बाधते.

‘गॅप’ आणि ‘सरकलेली गादी’ : या दोन शब्दांनी प्रत्यक्ष दुखण्याहून जास्त घबराट पसरवली आहे. ‘मणक्यात गॅप आली’ असे म्हणतात तेव्हा क्ष-किरण चित्रात दिसते ते बहुधा उलटेच : चकती वयोमानाने पातळ होऊन दोन मणक्यांमधले अंतर कमी झालेले असते. गादी सरकतही नाही. चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचे कडे फुगते किंवा फाटून आतला गर बाहेर डोकावतो. हा गर शेजारच्या मज्जातंतूला लागला की कळ पायात उतरते, हा संबंध १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी दाखवून दिला. तेव्हापासून प्रत्येक पाठदुखीमागे चकती शोधण्याची सवयच जडली. वास्तविक बाहेर आलेला गर अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेते.

ज्यांची पाठ कधी दुखत नाही त्यांच्या चकत्या कशा असतात, हा प्रश्न विचारायला बराच उशीर झाला. १९९४ मध्ये अशा ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६% निघाले. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३७% आणि ऐंशीच्या घरातल्या ९६% लोकांत चकत्यांची झीज दिसून आली. किरकोळ दुखण्यात लगेच एमआरआय काढू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात ती यामुळे. अहवालातले जड शब्द वाचून माणूस वाकायला घाबरतो. घाबरून आखडतो, आणि आखडला की आणखी दुखते. वेदना हा मेंदूने दिलेला धोक्याचा इशारा आहे, इजेचे माप नव्हे. अपुरी झोप, ताणतणाव आणि कामावरची घुसमट यांनी तीच कळ दुप्पट जाणवू शकते. म्हणून ती काही काल्पनिक ठरत नाही.

आराम : जुना सल्ला होता अंथरुणाला खिळून राहण्याचा. १९८६ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली. सात दिवस पडून राहिलेल्यांचे दुखणे काही लवकर बरे झाले नाही, कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमधील प्रयोगात झेपेल तशी रोजची कामे चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले. अंथरुणावर पडलेले आणि विशेष व्यायाम दिलेले, दोघेही मागे राहिले. पहिल्या एक-दोन दिवसांत कळ असह्य असेल तर उताणे पडून गुडघ्यांखाली उशी घ्यावी, किंवा कुशीवर झोपून ती दोन गुडघ्यांमध्ये ठेवावी. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हातांच्या रेट्याने बसते व्हावे. मग घरातल्या घरात थोडे चालावे. हालचालीने दुखणे थोडे वाढले तर बिघडत नाही. ते पायात किंवा हातात खाली उतरू लागले तर ती हालचाल थांबवावी.

आखडलेल्या स्नायूंना शेक चांगला मानवतो. १५–२० मिनिटे पुरेत. शेकपिशवी अंगाखाली घेऊन झोपी गेल्यास त्वचा भाजते. अवघडलेली मान सावकाश, जेवढी वळेल तेवढीच, दिवसातून अनेकदा दोन्ही बाजूंना वळवावी. पट्ट्यात बांधून ठेवलेली मान उशिरा सुटते. मालिशने बरे वाटते, ते थोड्या वेळापुरते असले तरी त्या वेळात हिंडता-फिरता येते, हा फायदा लहान नाही. झटका देऊन मान ‘मोडून’ घेणे मात्र टाळावे : क्वचित मानेतील धमनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो.

गोळ्यांपैकी आयबुप्रोफेनसारखी औषधे थोडा उतार देतात. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पॅरासिटामॉल घेतल्याने नव्या कंबरदुखीतून लवकर सुटका होत नाही, असे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले. पाठ दुखते म्हणून फळीवर झोपण्याच्या सल्ल्यालाही आधार नाही. २००३ मध्ये स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर गाद्या तपासल्या गेल्या, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम गादी सरस ठरली. मानेसाठी उशी एवढीच असावी की कुशीवर झोपल्यावर डोके ना वर चढावे, ना खाली लोंबावे.

धोक्याची लक्षणे : लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, तासांचाही उशीर महागात पडतो. ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, ठिसूळ हाडे, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची कळ असेल तर तपासणी लांबवू नये. ताप व तीव्र डोकेदुखीसह ताठरलेली मान, हातातून वस्तू निसटणे, चालताना झोक जाणे ही साध्या मानदुखीची लक्षणे नाहीत. छातीत दडपण येऊन मान, जबडा किंवा हात दुखू लागला तर आधी हृदयाचा विचार करावा.

पुन्हा उद्भवणे : हे दुखणे परतते, आणि त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. ओझे अंगाशी धरून उचलावे, बैठक मोडत राहावी, हे नेहमीचे सांगणे आहेच. पण सर्वांत ठोस पुरावा मिळाला तो चालण्याबाबत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत नेलेल्या चालण्याचा क्रम दिला गेला. या गटात दुखणे पुन्हा उलटेपर्यंतचा मध्यक काळ (म्हणजे ज्याच्या आत निम्म्यांचे दुखणे परतले तो) २०८ दिवस होता, तर दुसऱ्या गटात ११२.