बर्फातला दुष्काळ

फेब्रुवारी सरत आला की आमच्या सोलापुरातल्या अंगणातला कडुनिंब पिवळा पडतो. सकाळी झाडून काढावं, तर दुपारी पुन्हा पाचोळा. आई म्हणायची, "झाड तहान आवरतंय." थंड प्रदेशातल्या पानझडी जंगलांविषयी वाचताना तिचं हे बोलणं मला हटकून आठवतं.

मनातल्या मनात अशाच एका जंगलात जाऊ. समजा, अमेरिकेच्या ईशान्य भागातलं. ओक, मेपल, बीच अशी उंच झाडं, खाली पाचोळ्याने मऊ झालेली ओलसर जमीन. सोलापुरात वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. तिथे हजाराच्या आसपास, तोही बारा महिने थोडाथोडा. मग तहान कसली?

ती हिवाळ्यात लागते. जमिनीतलं पाणी गोठलं की मुळांना ते ओढता येत नाही. झाडाच्या दृष्टीने हा दुष्काळच. शिवाय रुंद, पातळ पान कडक थंडीत तगत नाही. म्हणून दिवस लहान होऊ लागले की झाड आवराआवर सुरू करतं. पानातलं नत्र परत घेऊन फांद्यांत, खोडात, मुळांत साठवतं. हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून दडलेला पिवळा रंग वर येतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी नाजूक पेशींचा थर असतो. पान तिथून सुटतं आणि फांदीवरची जागा बुचासारख्या थराने बंद होते. गळलेल्या पानाच्या देठाचं टोक जवळून बघा. ते स्वच्छ सुटलेलं दिसतं, ओरबाडून काढल्यासारखं नाही.

मला सगळ्यात थक्क करतो तो तिथला लाकडी रंगाचा, बोटभर बेडूक. आपल्याकडचा मोठा बेडूक उन्हाळाभर मातीत गाडून घेतो आणि मृगाची वाट बघतो. हा मात्र नुसत्या पाचोळ्याखाली बसतो आणि चक्क गोठतो. अंगावर बर्फ धरू लागताच त्याचं यकृत रक्तात साखर सोडतं. ही साखर पेशींच्या आत शिरून त्यांचं रक्षण करते, बर्फ पेशींच्या बाहेरच राहतो. शरीरातलं निम्म्याहून जास्त पाणी गोठतं, श्वास थांबतो, हृदयही थांबतं. हातात घेतला तर दगडासारखा टणक. बर्फ वितळला की आधी हृदय सुरू होतं, मग श्वास, मग पाय हलतात. पुढे काही दिवसांत तो डबक्याकाठी मादीला साद घालत असतो.

त्याच सुमारास जमिनीलगतची रानफुलं घाईने फुलतात. वर ओक-मेपलची पानं दाटली की खाली ऊन पोचणार नसतं, त्यामुळे त्यांच्या हाती थोडेच आठवडे असतात.

आमचा कडुनिंब तर पावसाचीही वाट बघत नाही. मुळं खोल गेलेली, म्हणून ऊन तापत असतानाच तांबूस पालवी फुटते. पाडव्याच्या सकाळी गुढीला बांधायला आम्ही तीच तोडतो.