क्षारता ८० ते १२० : या सल्ल्यामागचा इतिहास

घरामागच्या पोहण्याच्या तलावाची निगा राखणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो : पीएच ७.२ ते ७.८ आणि एकूण क्षारता ८० ते १२० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) ठेवा. पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त; आणि क्षारता म्हणजे पीएच फारसा न ढळता आम्ल पचवण्याची पाण्याची कुवत. पण ही क्षारता नेमकी कशासाठी राखायची, याचं उत्तर तलावात कोणतं क्लोरीन पडतं त्यावर अवलंबून आहे, आणि क्लोरीनचे प्रकार गेल्या शंभर वर्षांत बदलत आले आहेत.

१९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली. तोवर तलाव भरायचा, पाणी घाण झालं की उपसून पुन्हा भरायचा, अशीच सर्रास रीत होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत ब्राउन विद्यापीठाच्या तलावात ब्लीचिंग पावडरीचा प्रयोग झाला. याच सुमारास, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी पीएचची मोजपट्टी मांडली. तलावासाठी ती फार मोलाची ठरली, कारण जंतू मारणारं हायपोक्लोरस आम्ल पीएच ७.५ ला निम्मं शिल्लक असतं, तर ८ ला जेमतेम पाव.

क्षारतेचं महत्त्व मात्र दुसऱ्याच वाटेनं आलं. मोठ्या तलावांत पाणी निवळायला तुरटी वापरत. तुरटीचा एक भाग साधारण अर्धा भाग क्षारता खातो. त्यात क्लोरीन वायूची भर. हा वायू पाण्यात शिरला की हायपोक्लोरस आम्लाबरोबर हायड्रोक्लोरिक आम्लही तयार होतं, आणि काम संपल्यावर उरलेल्याचंही शेवटी आम्लच होतं. एक किलो वायूचं आम्ल मारायला सुमारे दीड किलो धुण्याचा सोडा लागतो. अशा पाण्यात बायकार्बोनेटचा, म्हणजे क्षारतेचा, साठा कमी पडला, तर पीएच एका दिवसात कोसळू शकतो. म्हणजे भरपूर क्षारता ही तेव्हा खरीखुरी गरज होती.

१९३६ मध्ये विल्फ्रेड लँगेलिअर यांनी आपला निर्देशांक मांडला तो नळांचा गंज रोखण्यासाठी. पीएच, क्षारता, कॅल्शियम, तापमान आणि विरघळलेले क्षार यांवरून पाणी चुना खाणार की चुन्याचा थर साचवणार, हे त्यातून कळतं. महायुद्धानंतर घरोघरी सिमेंटच्या गिलाव्याचे तलाव झाले आणि हाच निर्देशांक तिथे कामी आला, कारण कॅल्शियमची भूक असलेलं पाणी ती थेट गिलाव्यातून भागवतं.

मग सायन्युरिक आम्ल आलं. उन्हात क्लोरीन टिकवण्याचा हा उपाय १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळला, आणि त्यासोबत ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल एकत्र असलेल्या, गोळ्याही. या गोळ्या तीव्र आम्लधर्मी असतात, त्यामुळे जुना सल्ला त्यांनाही चपखल बसला. एक अडचण मात्र वाढली : सायन्युरिक आम्लाचे क्षार क्षारतेच्या चाचणीत मोजले जातात. पीएच ७.५ च्या आसपास सायन्युरिक आम्लाच्या आकड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा वजा केल्यावरच खरी कार्बोनेट क्षारता कळते. चाचणी १०० दाखवत असेल आणि सायन्युरिक आम्ल ९० असेल, तर गिलाव्याला वाचवणारी क्षारता फक्त ७० च्या घरात आहे. ही वजाबाकी अजूनही अनेक जण करत नाहीत, आणि माझ्या मते घरच्या तलावातली ही सर्वांत मोठी चूक आहे.

आज अनेक तलावांत द्रव क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) किंवा मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र असतं. या दोन्हींत क्लोरीन वापरून संपेपर्यंतचा हिशेब जवळपास उदासीन राहतो. आम्ल साठत नाही. उलट, पाण्यात हवेशी समतोल असतो त्यापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो उडून जाताना पीएच चढवतो. क्षारता जितकी जास्त तितका हा चढ वेगवान, आणि यंत्रातून निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे त्याला हातभार लावतात. मग दर आठवड्याला आम्ल ओतायचं, त्यानं क्षारता घटली की खाण्याचा सोडा टाकून पुन्हा १२० गाठायची, आणि पीएच पुन्हा चढू द्यायचा! अशा तलावात क्षारता ६० ते ८० ठेवून कॅल्शियम थोडं वाढवलं, तर लँगेलिअरचा निर्देशांकही सांभाळला जातो.

क्षारता वाढवायची तर १०,००० लिटर पाण्याला १० पीपीएममागे सुमारे १७० ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. कमी करायची तर आम्लानं पीएच ७.० ते ७.२ पर्यंत उतरवायचा आणि कारंजं चालू ठेवायचं. कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वर येतो, क्षारता मात्र खालीच राहते.