बांगडा बाधला म्हणजे ॲलर्जीच झाली असं नाही

मालवणात माझ्या काकीने पंधरा वर्षं बांगड्याला हात लावला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारी तिने बांगड्याच्या तिखल्याचे दोन तुकडे खाल्ले आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, मानेवर गांधी उठल्या, आणि खाताना जिभेला जी चुरचुर झाली ती तिला तिरफळांची वाटली होती. गोळी घेऊन संध्याकाळपर्यंत सगळं बसलं पण घरात शिक्का पडला तो पडलाच, हिला बांगड्याची ॲलर्जी. त्याआधी जन्मभर ती बांगडाच खात होती आणि त्या दिवशीचा बांगडा सकाळपासून बर्फाशिवाय टोपलीत फिरून दुपारी दारात आला होता, हे कोणी धरलंच नाही.

आता आत काय होतं ते बघा. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि पोटातले बॅक्टेरिया मांसात शिरतात, त्यातल्या काहींकडे हिस्टिडिन डीकार्बोक्झिलेज नावाचं एन्झाइम असतं, ते हिस्टिडिनमधला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरतं ते हिस्टामिन. हे तेच हिस्टामिन जे खऱ्या ॲलर्जीत आपल्याच शरीरातल्या मास्ट नावाच्या पेशी सोडतात! म्हणून लक्षणं हुबेहूब सारखी, फक्त इथे माल बाहेरून आलेला, आपली प्रतिकारशक्ती चुकलेलीच नाही. थोडं हिस्टामिन आलं तर आतड्यातलं डायअमीन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम ते मोडून टाकतं, पण एकदम जास्त आलं की त्याला ते आवरत नाही.

"नीट शिजवलं होतं की" असं सगळे म्हणतात. शिजवल्यावर बॅक्टेरिया मरतात, एन्झाइम हे प्रोटीन, त्याची घडी उष्णतेने उलगडते आणि तेही निकामी होतं, पण तोवर तयार झालेलं हिस्टामिन तळा, उकळा, जात नाही. फ्रीझरनेही जात नाही, उलट आधीच तयार झालेलं एन्झाइम थंडीतसुद्धा सावकाश काम करत राहू शकतं. वासावरून पण दरवेळी कळत नाही. म्हणजे बर्फ हवा तो होडीतच, मासा जाळ्यातून निघाल्या निघाल्या.

कोलंबीचं वेगळं. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रोटीन उकळूनही टिकतं आणि ज्यांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं (मास्ट पेशींना हिस्टामिन सोडायला लावणारी) तयार झालीत त्यांना फडफडीत ताजी कोलंबीसुद्धा बाधते. ती खरी ॲलर्जी, तिथे पथ्य पाळायलाच हवं. श्वास अडकायला लागला तर मात्र कारण शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

काकीची तपासणी शेवटी गेल्या वर्षी झाली, बांगड्याची ॲलर्जी निघाली नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, सोबत जेवलेल्या कोणाला त्रास झाला होता का, तेव्हा आठवलं की काकांचंही डोकं त्या दुपारी दुखत होतं, ते उन्हाचं म्हणून सोडून दिलेलं. आता बाजारात काकी भाव विचारायच्या आधी विचारते, "बरफ कधी घातलंस गो?"