श्राव्यातीत ध्वनीने गाळ बसण्याचे मापन

द्रवात तरंगणारे घन कण स्वतःच्या वजनाने खाली बसत असताना त्यांची पातळी, प्रमाण व वेग श्राव्यातीत ध्वनीच्या (अल्ट्रासाउंडच्या) स्पंदांनी मोजण्याची पद्धती. साधारणपणे ०.५ ते १० मेगाहर्ट्झ वारंवारतेचे, अतिशय कमी शक्तीचे स्पंद वापरतात. गढूळपणा मोजण्याची प्रकाशीय साधने पातळ मिश्रणात उत्तम चालतात. पण पावसाळ्यातील गोदावरीच्या पाण्यासारखा किंवा क्लॅरिफायरच्या (पाणी निवळवण्याच्या टाकीच्या) तळासारखा दाट गाळ आला की प्रकाश काही मिलिमीटरांतच अडतो. ध्वनी त्यातून पार जातो, हेच या पद्धतीचे बलस्थान. भांडी किंवा सुटे भाग धुण्याचा अल्ट्रासोनिक बाथ २० ते ४० किलोहर्ट्झवर जोरदार शक्तीने चालतो व कण हलवून टाकतो, तर येथे कणांना धक्काही न लावता ऐकायचे असते. टाकीच्या वर हवेत बसवलेला पातळीमापकही वेगळा. त्याला पाण्याचा पृष्ठभाग कळतो, पाण्याखालचा गाळ नाही.

कण किती वेगाने बसतो

एकट्या बारीक कणाचा वेग १८५१ मधील स्टोक्सच्या नियमाने मिळतो. वेग हा कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या आणि कण व द्रव यांच्या घनतेतील फरकाच्या सम प्रमाणात, तर द्रवाच्या श्यानतेच्या (दाटपणाच्या) व्यस्त प्रमाणात असतो. २६५० किग्रॅ./घमी. घनतेचा १० मायक्रॉनचा कण २०° से. तापमानाच्या पाण्यात सेकंदाला सुमारे ०.०९ मिमी. उतरतो, म्हणजे १०० मिमी. खाली जायला साडेअठरा मिनिटे घेतो. चिकणमातीची वरची मर्यादा मानला जाणारा २ मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला पावणेआठ तास घेतो.

हे आकडे २०° से.चे आहेत, आणि नाशिकमध्ये ही अट विसरून चालत नाही. निफाडच्या पट्ट्यात जानेवारीच्या पहाटे पारा एक अंकी होतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी तीच प्रयोगशाळा पस्तिशी ओलांडते. पाण्याची श्यानता १०° से.ला १.३१, २०° से.ला १.०० आणि ३०° से.ला ०.८० मिलिपास्कल-सेकंद असते. त्यामुळे २ मायक्रॉनच्या त्याच कणाला १०° से.ला दहा तास लागतात, तर ३०° से.ला सव्वासहा. तापमान न लिहिलेली गाळ बसण्याची नोंद निरुपयोगी समजावी.

कण दाटीने असले की ते एकमेकांचा वेग रोखतात, कारण खाली जाणाऱ्या कणांनी विस्थापित केलेले पाणी वर चढत असते. रिचर्डसन आणि झाकी यांच्या १९५४ च्या सूत्रानुसार मंद प्रवाहात, आकारमानाने १० टक्के कण असतील तर वेग एकट्या कणाच्या सुमारे ६१ टक्के उरतो, आणि २० टक्क्यांना ३५ टक्के.

ध्वनी काय सांगतो

स्पंदाकडून तीन गोष्टी मिळतात: प्रवासाला लागलेला वेळ, वाटेत घटलेली तीव्रता, आणि कुठून किती प्रतिध्वनी परत आला. यांपैकी वेळ सर्वांत अचूक मोजता येतो, म्हणून नवशिक्याचा ओढा ध्वनीच्या वेगावरून गाळाचे प्रमाण काढण्याकडे असतो. तिथेच फसगत होते.

कण टाकल्यावर मिश्रणाची घनता वाढते आणि संपीड्यता, म्हणजे दाबले जाण्याची क्षमता, घटते. घनता ध्वनीला मंदावते, कमी झालेली संपीड्यता त्याला वेगवान करते. सुरुवातीला घनतेची बाजू वरचढ ठरते. युरिक (Urick) यांच्या १९४७ च्या सूत्राने २०° से.च्या पाण्यात बारीक गारेची (क्वार्ट्झची) पूड धरून हिशेब केला तर असे दिसते: शुद्ध पाण्यात वेग सेकंदाला १४८२ मी., ५ टक्क्यांना १४५९, १० टक्क्यांना १४४२, ३० टक्क्यांना १४३० आणि ५० टक्क्यांना पुन्हा वाढून १५०६ मी. म्हणजे १४४२ हा एकच आकडा पातळ मिश्रणातही मिळतो आणि बसत आलेल्या दाट थरातही. शिवाय हे सूत्र कण पाण्याबरोबर हलतात असे गृहीत धरते; जाड कण व उच्च वारंवारता यांना ते लागू पडत नाही. वेग एकटा कधीही पुरेसा नाही, त्याच्या जोडीला क्षीणन, म्हणजे वाटेत घटलेली तीव्रता, मोजावेच लागते.

क्षीणन प्रमाणाबरोबर वाढत जाते व कमी प्रमाणात ते जवळपास सरळ रेषेत असते. दाट मिश्रणात रेषा वाकते. क्षीणनाची कारणे मात्र कणाच्या आकारानुसार बदलतात. बारीक, जड कण पाण्यामागे रेंगाळतात आणि घर्षणात ऊर्जा जाते. तरंगलांबीच्या मानाने कण मोठा होऊ लागला की विखुरणे वाढते, आणि तरंगलांबी मोठी असेपर्यंत ते वारंवारतेच्या चौथ्या घातात वाढते. पाण्यातील तरंगलांबी १ मेगाहर्ट्झला १.५ मिमी. आणि ५ मेगाहर्ट्झला ०.३ मिमी. असते. म्हणून एका मातीसाठी काढलेला तक्ता दुसऱ्या मातीला लावता येत नाही. प्रमाण हवे असेल तर त्याच पदार्थाची ज्ञात प्रमाणाची चार-पाच मिश्रणे करून, त्याच नळीत, त्याच प्रोबने (ध्वनी सोडणाऱ्या व ऐकणाऱ्या संवेदकाने) तक्ता बनवावा. उलट थराची पातळी वेळावरून मिळते व तिला असा तक्ता लागत नाही. सगळ्या मोजणीत तिच्यावरच जास्त भरवसा ठेवावा.

परतलेल्या ध्वनीच्या वारंवारतेतील फरकावरून कणाचा वेग काढणाऱ्या डॉप्लर पद्धतीबद्दल बोलबाला बराच आहे. ४ मेगाहर्ट्झला सेकंदाला १ मिमी. वेगाच्या कणामुळे वारंवारतेत फक्त ५.४ हर्ट्झचा फरक पडतो, आणि १० मायक्रॉनच्या कणामुळे अर्ध्या हर्ट्झचा. नळीतील किंचित तापमानफरकाने उठणारे प्रवाहही याहून वेगवान असू शकतात. वाहत्या नालीतील जाड वाळूसाठी डॉप्लर ठीक; शांत नळीत बसणाऱ्या मातीसाठी नव्हे.

मांडणी

५० ते ६० मिमी. आतील व्यासाची, ४०० मिमी. उंचीची सरळ अॅक्रिलिक नळी पुरते. अॅक्रिलिक घेण्याचे कारण त्याचा ध्वनी संरोध (घनता व ध्वनीचा वेग यांचा गुणाकार) पाण्याच्या सुमारे दुप्पट असून सीमेवर जेमतेम १३ टक्के ऊर्जा परत फिरते. पोलादावरून ८८ टक्के फिरते. नळी याहून अरुंद घेतली तर गाळाचे पुंजके भिंतींना टेकून अडतात.

दोन जोड्या प्रोब समोरासमोर, तळापासून १०० व २०० मिमी. उंचीवर, आडव्या बसवतात. त्या क्षीणन व वेग देतात. तिसरा प्रोब वरून उभा, पाण्यात १० मिमी. बुडवलेला, तो स्वच्छ पाणी आणि गढूळ थर यांमधील सीमेचा प्रतिध्वनी ऐकतो. हा प्रोब तळाशी लावण्याचा मोह टाळावा. वरून पाहताना ध्वनी निवळलेल्या पाण्यातून जातो व त्याचा वेग माहीत असतो; खालून पाहताना तो दर मिनिटाला बदलणाऱ्या थरातून जातो आणि पातळीचा हिशेब चुकतो.

१० मिमी. व्यासाच्या, २ मेगाहर्ट्झच्या प्रोबपुढील पहिले ३४ मिमी. हे निकटक्षेत्र असते, तिथले वाचन डळमळते. ५ मेगाहर्ट्झला हेच अंतर ८४ मिमी. होते, त्यामुळे मोठी वारंवारता म्हणजे नेहमीच चांगली मोजणी असे नाही. प्रोब बाहेरून चिकटवताना ग्लिसरीन किंवा दवाखान्यातील सोनोग्राफीचे जेल लावतात. जेल पाच-सहा तासांत सुकते आणि संकेत हळूहळू मंदावतो. गाळ घट्ट होतो आहे असा भास होतो. रात्रभर चालणाऱ्या चाचणीला ग्लिसरीन किंवा सिलिकोन ग्रीस बरे.

स्पंद ३ ते ५ आवर्तनांचे, सेकंदाला १०० पर्यंत, आणि ६४ वाचनांची सरासरी. १०० मेगासँपलचा (सेकंदाला १० कोटी वाचने घेणारा) ऑसिलोस्कोप असेल तर १० नॅनोसेकंदांचा टप्पा, म्हणजे पातळीत सुमारे ७ मायक्रॉन, नुसत्या वेळाच्या मोजणीतून मिळतात. प्रत्यक्षात सीमाच काही मिलिमीटर जाड असते, त्यामुळे या सूक्ष्मतेचा फार अभिमान बाळगू नये.

चाचणी

माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून पाण्याने धुऊन घ्यावी. वरचे जाड कण मिनिटाभरात तळ गाठतात आणि सुरुवातीची वाचने बिघडवतात. पाणी उकळून, झाकून, खोलीच्या तापमानाला आणावे. लिटरला २० ते ५० ग्रॅम माती घेऊन मिश्रण करावे. कणांचे आकार मोजायचे असतील तर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून कण सुटे करणे आवश्यक आहे. जलशुद्धीकरणासाठी तुरटीने पुंजके कसे बसतात हे पाहायचे असेल तर ते मुळीच घालू नये. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आधी नुसत्या पाण्यावर दहा मिनिटे वाचन घेऊन शून्यरेषा ठरवावी. मग मिश्रण ओतून, छिद्रे असलेल्या चकतीच्या दांड्याने एक मिनिट वर-खाली ढवळावे. नळी उलटीपालटी करू नये, हवा मिसळते. दांडा काढला तो शून्य क्षण. पहिल्या अर्ध्या मिनिटातील वाचने भोवऱ्यांमुळे टाकून द्यावीत. पुढे १, २, ४, ८, १५, ३० मिनिटे, मग १, २, ४, ८ व २४ तासांना नोंद करावी आणि प्रत्येक नोंदीसोबत नळीतल्या पाण्याचे तापमान लिहावे, खोलीचे नव्हे.

शेवटी दोन्ही जोड्यांवरील थरांचे नमुने सायफनने काढून १०५° से.ला वाळवावेत व वजन करावे. ध्वनीने काढलेले प्रमाण त्याच्याशी जुळले नाही तर वजन खरे मानावे.

काय बिघडते

सर्वांत मोठा शत्रू हवेचे बुडबुडे. पाण्यातील ३ मायक्रॉन त्रिज्येचा बुडबुडा १ मेगाहर्ट्झच्या आसपासच अनुनादित होतो आणि आपल्या आकाराच्या मानाने अवाढव्य ऊर्जा गिळतो. थोडी हवा उरली तरी तिचे क्षीणन गाळाच्या क्षीणनावर मात करते. थंडीत नळाचे गार पाणी खोलीत आणून लगेच वापरले की ते तापताना विरघळलेली हवा भिंतीवर मण्यांसारखी जमते. ओळखण्याची खूण अशी: गाळामुळे येणारे क्षीणन नळीत वरून खाली पद्धतशीर कमी-जास्त होते, बुडबुड्यांमुळे येणारे मधूनच उडी मारते आणि नळीला टिचकी मारल्यावर बदलते.

तापमानाचा दुसरा घाव ध्वनीच्या वेगावर. २०° से.च्या आसपास दर अंशाला वेग सुमारे ३ मी./से. बदलतो, ३०० मिमी. अंतरावर ही चूक ०.६ मिमी. होते. याशिवाय खिडकीचे ऊन एका बाजूला पडले तर नळीत संवहन सुरू होते व बारीक कण बसण्याऐवजी फिरत राहतात. नळी पाण्याच्या आवरणात ठेवणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

नळी तिरकी असेल तर गाळ अपेक्षेपेक्षा झपाट्याने बसतो. रक्ताच्या नळ्यांत हे बॉयकॉट यांनी १९२० मध्ये नोंदवले. तिरक्या भिंतीखाली स्वच्छ पाण्याचा पातळ पदर तयार होऊन वर धावतो. दोन-तीन अंशांचा कलही चालत नाही, ओळंबा लावावा.

सीमेचा प्रतिध्वनी मुळातच क्षीण असतो. ५ टक्के गारेच्या मिश्रणाच्या सीमेवरून परत येणारा तरंग मूळ उंचीच्या जेमतेम ३ टक्के, तोही सीमा धारदार असेल तर. आकारांचा पल्ला मोठा असलेल्या मातीत सीमा पसरट होते आणि तो प्रतिध्वनी नाहीसा होतो. तेव्हा उरतो तो कणांवरून विखुरलेला ध्वनी, आणि पातळी कुठे मानायची हे निवडलेल्या उंबरठ्यावर ठरते. तो उंबरठा अहवालात लिहिला नसेल तर दोन चाचण्यांची तुलना करू नये.

नाशिक परिसरातील उपयोग

गंगापूर धरणातून येणारे पाणी पावसाळ्यात काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण घेऊन येते. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट असते. तुरटीशिवाय ती दिवसभरही निवळत नाही. जार टेस्टमध्ये (बरण्यांत तुरटी घालून पाहण्याच्या चाचणीत) डोळ्यांना दिसते ते क्लॅरिफायरमध्ये घडतेच असे नाही. म्हणून क्लॅरिफायरमध्ये पाण्याखाली प्रोब बुडवून गाळाच्या थराची पातळी सतत पाहणे उपयोगी पडते. या कामाला १ मेगाहर्ट्झहून कमी वारंवारता घेतात आणि प्रोबच्या तोंडावर शेवाळ व गाळ चढू नये म्हणून पुसणारी पट्टी लावतात. पट्टीविना बसवलेला प्रोब काही आठवड्यांत आंधळा होतो.

द्राक्षमद्याच्या उद्योगात, विशेषतः दिंडोरी भागात, पांढऱ्या द्राक्षांचा रस आंबवण्याआधी थंड टाकीत निवळू देतात. इथे पातळी मोजता येते, पण मोजमाप जपून करावे लागते. साखर आणि अल्कोहोल दोन्हींमुळे ध्वनीचा वेग पाण्यापेक्षा वाढतो, म्हणून पाण्याचा १४८२ हा आकडा वापरला तर पातळी चुकते. आंबवण सुरू झाली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात व मोजणी बंदच पडते. त्यानंतर मृत यीस्ट बसताना पुन्हा सुरू करावी: ५ मायक्रॉनची पेशी वाइनमध्ये तासाला साधारण ३ मिमी. उतरते, तेव्हा दिवसातून दोन वाचने भरपूर. ३ मिमी. जाडीच्या पोलादी पत्र्यातून बाहेरून मोजायचे झाल्यास ०.९७ मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता निवडावी. तिथे पत्र्याची जाडी अर्ध्या तरंगलांबीएवढी होते आणि पत्रा जवळजवळ पारदर्शक बनतो. ग्लायकॉलचे जॅकेट (टाकी थंड ठेवणारे द्रवाचे आवरण) असलेल्या भागावर मात्र प्रतिध्वनींची गुंतागुंत होते; जॅकेटच्या खालचा किंवा वरचा मोकळा पट्टा शोधावा.

जलाशयांतील गाळासाठी हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर येते. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे मेरीच्या, कामांपैकी जलाशयांतील गाळाचे सर्वेक्षण हे एक आहे. बोटीवरील दोन वारंवारतांचा एकोसाउंडर अशा सर्वेक्षणात वापरतात: २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ गाळाच्या माथ्यावरून परततो, ३० किलोहर्ट्झच्या जवळपासचा त्यात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. दोन्हींतील फरक म्हणजे अजून न घट्टलेला गाळ. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वरसारख्या उथळ, गाळाने भरत चाललेल्या जागी ही रीत अवघड जाते, कारण उथळ पाण्यात प्रतिध्वनी वर-खाली अनेकदा उसळतात आणि वनस्पतींतील हवा गाळाचे सोंग घेते.

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणच्या राखेच्या पाण्यावर ही पद्धत वापरायची असेल तर आधी राखेचा तरंगणारा अंश काढून टाकावा. त्यातील पोकळ गोलक खाली बसतच नाहीत, आत वायू असल्याने ध्वनी जोरात विखुरतात, आणि वरच्या प्रोबच्या तोंडाशी साचून पहिलाच प्रतिध्वनी खोटा करतात.