विद्युत दिव्यांवर थंडीचा परिणाम

भोवतालचे तापमान उतरले की विजेच्या दिव्यांच्या पेटण्यात, प्रकाशात आणि आयुष्यात फरक पडतो. मात्र सगळ्या दिव्यांना थंडी सारखी बाधत नाही. प्रकाश तापलेल्या तारेतून येतो, वायूतून येतो की अर्धसंवाहकातून (एलईडीतील सिलिकॉनसारख्या स्फटिकातून), यावर बरेच अवलंबून असते. सर्वाधिक फटका ट्यूबलाइटला बसतो. एलईडीला थंडी मानवते. कुरकुर करतात ते त्याच्या जोडीचे सुटे भाग.

साध्या बल्बबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. त्यातील टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश से.पर्यंत तापते, त्यामुळे बाहेर ३० अंश असोत वा उणे ३०, तिला ते जाणवतही नाही. धोका असतो काचेला : तापलेल्या काचेवर पावसाचे पाणी किंवा बर्फ पडला की ती तडकते.

ट्यूबलाइटच्या नळीत किंचित पारा आणि कमी दाबाचा आर्गॉनसारखा वायू असतो. पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अतिनील किरण नळीच्या आतील लेपावर पडतात आणि लेप उजळतो. वाफ किती असेल, हे नळीतील सर्वांत थंड जागा ठरवते, कारण जास्तीचा पारा तिथेच जाऊन साचतो. ही जागा ४० अंश से.च्या आसपास असते तेव्हा प्रकाश सर्वाधिक मिळतो. नेहमीच्या जाड नळ्यांना त्यासाठी भोवतालची हवा सुमारे २५ अंश लागते. टी-५ या बारीक नळ्या ३५ अंशांना अनुरूप बनवलेल्या असतात. गोठणबिंदूपाशी उघड्या नळीचा प्रकाश निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो आणि वारा असेल तर आणखी घटतो.

पेटण्याची अडचण वेगळी. वाफ कमी असल्याने विद्युत विसर्ग, म्हणजे वायूतून वीज वाहणे, सुरू व्हायला जास्त व्होल्टता लागते. स्टार्टर पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, टोके लालसर होतात, नळी लुकलुकते. पेटली तरी मंद, गुलाबी छटेची दिसते आणि कधीकधी आत प्रकाशाची वेटोळी सरकताना दिसतात. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात टोकाच्या तारेवरचा लेप झिजतो, म्हणून नळीची टोके लवकर काळवंडतात. थंड जागेसाठी जास्त व्होल्टता देणारे चोक आणि नळीवर चढवायची पारदर्शक वेष्टने मिळतात. वेष्टन उपयोगी खरे, पण उन्हाळ्यात तेच नळीला जास्त तापवून प्रकाश घटवते. ज्या सीएफएलमध्ये (वळवलेल्या नळीच्या छोट्या दिव्यांत) पारा मिश्रधातूच्या रूपात असतो, त्या तापमानाचा मोठा पल्ला सांभाळतात. मात्र पूर्ण उजळायला त्यांना काही मिनिटे लागतात.

हा सगळा पाऱ्याचा खेळ आहे, याचा पुरावा रंगीत नळ्यांच्या पाट्यांवर दिसतो. कडाक्याच्या थंडीत शुद्ध निऑनची तांबडी अक्षरे नेहमीसारखी झळकतात, तर आर्गॉन आणि पाऱ्याची निळी अक्षरे त्याच पाटीवर फिकी पडतात.

रस्त्यांवरच्या उच्च दाबाच्या सोडियम दिव्यांत प्रकाश देणारी नळी निर्वात कवचात बसवलेली असते. त्यामुळे एकदा तापल्यावर बाहेरच्या थंडीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही.

एलईडीचा अर्धसंवाहक थंड असताना त्याच विद्युत प्रवाहात जास्त प्रकाश देतो आणि टिकतोही जास्त. हा फायदा निळ्यापेक्षा तांबड्या एलईडीत अधिक ठळक असतो. त्याला लागणारी व्होल्टता मात्र तापमान उतरेल तशी दर अंशाला काही मिलिव्होल्टने वाढते, आणि ड्रायव्हरमधील, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या मंडलातील, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या भागाचा) द्रव थंडीत दाटतो. स्वस्तातला ड्रायव्हर अशा वेळी उशिरा सुरू होतो किंवा दिवा मिचमिचतो. शीतगृहांसाठी एलईडी हीच आज योग्य निवड आहे. फक्त ड्रायव्हरवर छापलेली किमान तापमानाची मर्यादा आधी वाचावी.

कमी उष्णतेची दुसरी बाजू हिमवृष्टीच्या प्रदेशांत उघड झाली. जुन्या सिग्नलमधील बल्बच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ बराचसा वितळून जाई. एलईडी सिग्नलवर तो चिकटून राहतो आणि दिवा झाकला जातो. त्यामुळे काही ठिकाणी तापक तारा किंवा उतरत्या आकाराची आवरणे वापरावी लागतात.

बॅटरीवरच्या दिव्यांत मर्यादा बहुधा बॅटरीच घालते. अल्कलाइन सेलची क्षमता गोठणबिंदूखाली झपाट्याने घटते. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज केली, तर ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर साचून तिचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून सौर दिव्यांतील नियंत्रक चार्जिंग रोखतो. सौर पॅनेल थंडीत अधिक कार्यक्षम असते, तरी अशा दिवशी त्याची वीज बॅटरीत जात नाही.