पेरणीआधीचे 75 मिलिमीटर

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की मराठवाड्यात कुणाचा पाय घरात ठरत नाही. शेजाऱ्याची तिफण शेतात गेलेली दिसते, मग आपलीही जाते. पुढे पंधरा-वीस दिवस पाऊस दडी मारतो आणि तरारून आलेली रोपे माना टाकतात. मग दुबार पेरणी. पुन्हा बियाणे, पुन्हा खत, पुन्हा उसनवारी.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे, की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा आकडा जमिनीच्या पोटातल्या ओलीचा आहे. 75 मिलिमीटर म्हणजे एकरावर सुमारे तीन लाख लिटर पाणी. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती तेवढे सहज पिऊन टाकते. त्याहून बऱ्याच कमी पावसात वरचा थर भिजतो, बी फुगते, कोंब येतो, पण मूळ खाली उतरते तेव्हा तिथे कोरडे ठणठणीत असते. खालपर्यंत ओल जाऊन वाफसा आला, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पेरणीजोगी झाली, तरच पावसाचा पुढचा खंड सोसण्याइतकी शिल्लक जमिनीत राहते.

सल्ला जुना असला तरी तो न ऐकण्याची किंमत आता वाढली आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. कोसळतो तेव्हा पीक चिभडते, उघडतो तेव्हा करपते, आणि दोन्ही एकाच हंगामात होते.

या दोन्हींवर मला सर्वात पटलेला उपाय म्हणजे बीबीएफ, अर्थात रुंद वरंबा सरी. सोयाबीनच्या चार ओळी उंच, रुंद वरंब्यावर घ्यायच्या आणि दोन्ही बाजूंना सरी, म्हणजे चर, ठेवायची. काळ्या मातीतली चिकणमाती भिजली की फुगते, छिद्रे बुजतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, त्यांनाही प्राणवायू लागतोच. म्हणून पाणी साचलेले सोयाबीन पिवळे पडते. वरंब्यावर मुळे मोकळी राहतात, जादा पाणी सरीतून निघून जाते. पाऊस कमी असेल तेव्हा तीच सरी पाणी अडवून मुरवते. फक्त सरीचा उतार पाहून आखणी करावी लागते, आणि ती शेतात उभे राहूनच शिकवावी लागते.

म्हणूनच विद्यापीठाला शेतापर्यंत पोचणारे हात लागतात. अमेरिकेने 1914 मध्ये स्मिथ-लिव्हर कायदा करून विद्यापीठांचे ज्ञान गावोगावी नेणारी विस्तार सेवा उभी केली. आपली कृषी विद्यापीठेही तिथल्याच विद्यापीठांच्या धर्तीवर उभी राहिली. राज्यात ती चार आहेत: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. संशोधन शेतापर्यंत नेणारे देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरीत सुरू झाले, आज अशी 700 हून अधिक केंद्रे आहेत. 2011 पासून हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा राष्ट्रीय प्रकल्प याच केंद्रांमार्फत निवडक गावांत पोचला. तिथे गावाची समिती नेमून अवजारे भाड्याने देण्याची सोय झाली. बीबीएफ यंत्र प्रत्येकाला घेणे परवडत नाही, तेव्हा ही सोय फार मोलाची आहे.

या साखळीतली एक महत्त्वाची कडी तुटली, याचे मला मनापासून वाईट वाटते. कृषी विज्ञान केंद्रांत देशभर 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे होती. हवामानाचा अंदाज घेऊन तालुक्याच्या पिकाला लागू पडेल असा सल्ला ती मंगळवारी आणि शुक्रवारी देत. 2024 च्या मार्चअखेर ती बंद झाली. विद्यापीठांतली कृषी हवामान केंद्रे चालू आहेत, पण एका केंद्राकडे अनेक जिल्हे येतात. फवारणी आज करावी की दोन दिवस थांबावे, हे विचारायला ओळखीचे माणूस जवळ हवे. पाऊस जितका लहरी होतो आहे, तितकी त्या माणसाची गरज वाढते आहे.

एक ताकद मात्र हाताशी आहेच. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलेमुली ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गाव त्यांना ओळखते. ती बीजप्रक्रिया दाखवतात, माती परीक्षणाचे नमुने घ्यायला शिकवतात. त्यांनी प्रत्येक गावात पावसाची नोंदही सुरू करून द्यावी. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर 80 मिलिमीटर नोंदले जातात, तेव्हा चार कोसांवरच्या शिवारात 30 च पडलेला असू शकतो. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडाझुडपांपासून दूर उघड्यावर ठेवला, की त्यात साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, आकडा शाळेच्या फळ्यावर लिहायचा, डबा रिकामा करायचा. बेरीज 75 वर गेली की तिफण काढायची.